आबांचं चालणं

टोळी गेली ती आबांच्या तोंडामुळे.

बटाट्याची काढणी निम्मीसुद्धा झाली नव्हती. आबा बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. डावा हात मांडीवर असा ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा हात घटकाभर सांभाळायला घेतलाय. गेल्या वर्षी झटका आला तेव्हा त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि अंगातला सगळा जोर जिभेत जाऊन बसला. टोळीतल्या एका बाईच्या कुदळीखाली बटाटा चिरला, लगेच दुसरा चिरला, आणि आबा तिथूनच कडाडले, "हात आहेत का खूर? पीक काढताय का कापताय?"

मुकादम कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आबा, तोंड सांभाळून. बाया आहेत."

"बटाटे तुम्ही कापायचे आणि तोंड मी सांभाळायचं?"

"मग तुमचे तुम्ही काढा."

पाट्या पालथ्या पडल्या, कुदळी खांद्यावर चढल्या आणि टोळी ओळीनं बांध ओलांडून पलीकडच्या शेतात गेली. तिथल्या मालकाचीही काढणी माणसांवाचून अडली होती. त्यानं हसतहसत ठेवून घेतलं. दिवसभर वाऱ्यावर त्या बायकांचं खिदळणं इकडं ऐकू येत राहिलं.

वर आभाळ गढूळ होत चाललं होतं. जमीन एकदा भिजली की आतला बटाटा सडायला वेळ लागत नाही. घरात काढणीला उभी राहणारी माणसं किती, तर धाकटा मुलगा, त्याची बायको आणि थोरली सून. थोरला मुलगा मालगाडीवर कामाला, महिनोन् महिने बाहेर. सासूबाईंचे गुडघे गेलेले.

धाकट्या मुलाच्या बायकोनं काही न बोलता कुदळ उचलली. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. पुढच्याच रविवारी तिची परीक्षा होती. ती गोष्ट त्या दिवशी कुणी काढली नाही, पण सगळ्यांच्या मनात तीच होती.

परीक्षा फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिरायची. विज्ञानाची पदवी धाकटीनं लग्नाआधीच घेऊन ट्रंकेत ठेवली होती. झटक्यानंतर आबांना बाजारगावच्या दवाखान्यात व्यायामाला न्यायचं काम तिच्याकडे आलं. तिथल्या थेरपिस्ट बाईंनी तिला आबांचा पाय धरताना पाहिलं आणि म्हणाल्या, "हात चांगले शांत आहेत तुमचे. शिकलात का कुठं?" हात शांत होते, बाकी तिचं काहीच शांत नव्हतं. त्या एका वाक्यानं तिची झोप उडवली. आबांचं जाणं बंद झालं तरी ती आठवड्यातनं दोनदा दुधाच्या गाडीत बसून दवाखान्यात जायला लागली. बाई काय करतात, कुठं हात देतात, कुठं मुद्दाम देत नाहीत, ते भिंतीला टेकून बघत राहायची. गेल्या वर्षी राहून गेलं होतं, यंदा अर्ज भरला. नवरा म्हणाला, "भर, बघू." सासूबाई म्हणाल्या, "भर की." आबा काहीच म्हणाले नाहीत. आबांचं काही न म्हणणं ही त्या घरात नवीनच गोष्ट होती.

गावात मात्र तिच्या परीक्षेचं नाव 'मालिशीची शाळा' असं पडलं होतं. शेजारीण येता-जाता पाय पुढे करायची. "जरा दाब गं डॉक्टरीणबाई, तुझाही अभ्यास होईल."

कुदळीनं वरंबा फोडायचा, वाकून माती चाळवायची, बटाटे पाटीत टाकायचे, पाटी उचलून ढिगावर ओतायची. उन्हं वर येईतो कमर कडक व्हायची, नखांत माती घट्ट बसायची. धाकटीचे ओठ सारखे हलत. स्नायूंची नावं पाठ चालली होती. दुपारी ट्रॉलीच्या सावलीला टेकले की ती मनगटातली हाडं मांडायची, मुठीएवढ्याही नसलेल्या बारक्या बटाट्यांची. चार खाली, चार वर. डोळे मिटायचे, बोट ठेवायचं, नाव घ्यायचं.

थोरली पाणी पितापिता बघत होती. तिनं त्यातला एक उचलून पाटीत टाकला. "हे हाड गोणीत गेलं. आता सांग, मनगट चालतंय का?"

"ताई, द्या ना इकडं."

"अगं, असं एकेक हाड मोजत बसलीस तर माणूस धरायचा कधी?" थोरली हसली, मग तिनं तांब्या खाली ठेवला. "खरंच जाणार का तू?"

"लागला नंबर तर."

"आणि गाई? आणि तिकडं खाटेवरचं?"

खाटेवरचं म्हणजे आबा. धाकटी उरलेले बटाटे पुन्हा मांडायला लागली. तिचा पाय आपोआप हलत होता, टाच मातीवर आपटत होती. ती सवय तिला हल्लीच लागली होती.

खरी अडचण आबांची नव्हती, आबांच्या संडासाची होती. तो अंगणाच्या टोकाला, गोठ्याच्या पलीकडे. दिवसातून दोनदा आबांना तिथवर न्यायचं तर एका बाजूनं पक्कं धरणारं माणूस हवं. थोरलीला ते हात लावू देत नसत. "ही मला पोत्यासारखी धरते," म्हणत. मुलगा शेतात. राहिली धाकटी. ती नसली की सासूबाई खाटेजवळ भांडं द्यायच्या आणि नंतर एक हात भिंतीला, एक हात भांड्याला, अशा पाऊल पाऊल करत रिकामं करायला जायच्या. पायरी उतरताना त्यांच्या तोंडून 'आई गं' निघायचं, पण इतकं हळू की ते फक्त धाकटीलाच ऐकू यायचं.

व्यायाम आता रोज सकाळी घरीच व्हायचा. उन्हाळा सुरू झाला तेव्हा आबा चांगले उभे राहायला लागले होते, धरून पाच-सहा पावलं टाकत होते. मग अचानक थांबलंच. धाकटीनं पाय उचलायला सांगितला की पाय लाकडासारखा पडून राहायचा.

"आबा, मागच्या महिन्यात जमत होतं."

"तेव्हा जमत होतं. आता नाही जमत."

"जोर लावा ना."

"तू लाव. तुला शिकायचंय."

थेरपिस्ट बाईंना तिनं विचारलं, तर त्या म्हणाल्या, कधीकधी गाडी अशी अडते, मन खचतं, सोडू नका. धाकटी सोडत नव्हती. तिला वाटायचं, आपलंच काही चुकतंय. ज्या हातांनी घरातला एक माणूस चालत नाही ते हात घेऊन कुठल्या तोंडानं परीक्षेला बसायचं?

त्या बुधवारी दुपारी गोण्या संपल्या. नवरा म्हणाला, "शेडमध्ये आहेत बघ रिकाम्या. पळत जा." आभाळ खाली आलं होतं, वारा पडला होता. धाकटी बांधावरून, मग परसातून, मागच्या बाजूनं शेडकडे आली. शेडचं मागचं दार अर्धं उघडं होतं. आत बटाट्याच्या गोण्यांची थप्पी, पलीकडे सुट्या बटाट्यांचा ढीग, पुढच्या दाराशी आबांना दुपारी सावलीला बसवून ठेवायची खुर्ची, रिकामी. आणि थप्पीच्या कडेनं आबा चालत होते.

एकटे. उजवा हात गोण्यांवरून सरकवत. डावा पाय गवत कापताना विळा फिरतो तसा बाहेरून फिरवून पुढं आणत होते, पंजा जमिनीवर खरडत होता. टोकाशी पोचले, वळले, पुन्हा निघाले. कपाळावर घाम. तोंड घट्ट मिटलेलं.

धाकटी दाराशी खिळली. आधी तिला आनंद झाला, अगदी छातीत मावेना असा. त्याच्याच पाठीवर राग आला. म्हणजे हे सगळं नाटक? ती पाय चोळतेय, सासूबाई भांडं धुताहेत, आणि हे इथं शेडमध्ये फेऱ्या मारताहेत? आणि रागाच्याही आत तिसरंच काहीतरी टोचत होतं. ते चुकीचं चालत होते. कंबर उचलून, पाय फेकून. अशी सवय एकदा हाडीमासी मुरली की सुटता सुटत नाही. बाईंनी हजारदा सांगितलं होतं. कुणाला कळू नये म्हणून एकट्यानं शिकलेलं ते चालणं बघवत नव्हतं. तिचे हात पुढं झाले. पण मध्ये अख्खी शेड होती. हात पोचेनात म्हणून तोंड गेलं.

"आबा, टाच आधी!"

आबा दचकले. मान झटक्यात वळली, हात गोणीवरून सुटला, आणि ते उजव्या अंगावर बटाट्यांच्या ढिगावर कोसळले. बटाटे घरंगळत तिच्या पायापर्यंत आले.

ती धावली. डोकं बघितलं, खुबा बघितला, पाय हलवून बघितला. सगळं ठीक होतं. उजवं मनगट मात्र तिच्या बोटांखाली फुगायला लागलं होतं. चांगला हात. एकुलता एक चांगला हात.

"ओरडायला काय झालं होतं?" आबा कण्हत म्हणाले.

"तुम्ही चालत होता."

"कोण म्हणतं?"

तेवढ्यात थोरलीच्या पावलांचा आवाज आला. गोण्यांना उशीर का, म्हणून ती बघायला आली होती. आबांनी धाकटीकडे पाहिलं. मग थोरलीला म्हणाले, "खुर्ची ओढून घ्यायला गेलो, पडलो."

धाकटी खाली वाकून घरंगळलेले बटाटे गोळा करायला लागली.

मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. पट्टी बांधली. आता आबांना ना ग्लास धरता येईना, ना भिंत. सासूबाई त्यांना घास भरवायला लागल्या. संध्याकाळी अंगणात हातपाय धुताना नवरा धाकटीच्या बाजूला येऊन उभा राहिला. तो अबोल माणूस. कुदळीचा दांडा निरखत बोलला.

"यंदा राहू दे का परीक्षा?"

"का?"

"बघतेस ना. वर हे असं," त्यानं हनुवटीनं आभाळ दाखवलं, "खाली ते तसं. आईच्यानं होत नाही आता. पुढच्या वर्षी दे. मी नाही म्हणत नाहीय."

"मागच्या वर्षीही पुढच्या वर्षी म्हणाला होतात."

"मागच्या वर्षी आबा पडले होते."

"यंदाही पडलेत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा निघाला की नवऱ्यानं वर पाहिलं. ती बादली उचलून आत गेली.

एक वाक्य बोललं की मोकळं. आबा चालतात. पण त्याच्या मागोमाग दुसरं यायचं: मग पडले कसे? दोन्ही वाक्यं एकमेकांना बांधलेली होती, एक ओढलं की दुसरं आलंच. गुरुवारचा सगळा दिवस तिनं कुदळ अशी चालवली, की थोरली म्हणाली, "हळू, जमिनीनं काय केलंय तुझं?" दुपारी सावलीत पुस्तक उघडलं, तेच पान समोर राहिलं. तरफेचे प्रकार, टेकू कुठं, भार कुठं. अक्षरं दिसत होती, आत काही जात नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिनं आबांचा पाय हातात घेतला, आणि घरात दुसरं कुणी नाही हे बघून विचारलं, "का लपवलंत?"

आबा छताकडे बघत होते.

"आबा."

"मी चालायला लागलो," आबा म्हणाले, "की तूही चालू लागशील."

तिचे हात थांबले.

"मला कळत नाही होय? तू आहेस तोवर मी माणसांत आहे. तू गेलीस की थोरली मला पोत्यासारखी उचलणार, ही भांडं घेऊन लंगडणार, पोरगा दिवसातून एकदा तोंड दाखवणार. मी मरेतो असाच खाटेला."

"पण चालता येतंय ना! मग खाट कशाला?"

"कसं चालतोय ते बघितलंस ना तू?" आबांचा आवाज चिरकला. "खुर्चीत बसलेला माणूस आजारी दिसतो. असा पाय फेकत रस्त्यानं गेला की लंगडा दिसतो. ही टोळीतली माणसं, हा मुकादम, सगळे बघणार. मी या शेतात दोन दोन गोण्या पाठीवर नेल्यात, पोरी."

धाकटीनं त्यांच्या पावलाकडे पाहिलं. अंगठ्याचं नख वाढलं होतं, आपल्याच लक्षात कसं आलं नाही. तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच चीड आली.

"तुम्ही चाललात, नाही चाललात, मी रविवारी जाणार आहे," ती म्हणाली. हे बोलेपर्यंत तिलाही ते ठाऊक नव्हतं.

"जा. आणि सांग सगळ्यांना. पण सांगशील तर पुरतं सांग. ओरडलं कोण, तेही."

दुपारी भुरभुर सुरू झाली. नवरा, थोरली, धाकटी, तिघं ढिगावर ताडपत्री ओढून घरात पळाली. अंगावरनं मातीचं पाणी गळत होतं. आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. थोरली ताटं मांडत होती. सासूबाई मागच्या दारानं आल्या, भांडं रिकामं करून. केसांवर पाण्याचे थेंब, पायरी चढताना गुडघा धरलेला. भांडं खाटेखाली सरकवायला त्या वाकल्या. त्यांना धड वाकता येईना, अर्ध्यावरच थांबल्या, आणि पायानं ढकलावं लागलं म्हणून ओशाळल्यासारख्या हसल्या.

ते हसू धाकटीला सोसलं नाही.

"आबा चालतात," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. नवरा टॉवेलनं डोकं पुसत होता, तसाच राहिला.

"एकटे चालतात. शेडमध्ये. बुधवारी मी बघितलं. खुर्ची ओढताना नाही पडले ते, चालताना पडले. मी मागून ओरडले म्हणून पडले. मनगटाचं माझ्यामुळे झालं."

पत्र्यावर भुरभुर वाजत होती. नवरा बापाकडे बघत होता, बाप भिंतीकडे.

"कधीपासून?" सासूबाईंनी विचारलं.

आबांची नजर भिंतीवरून हलली नाही.

"मी विचारतेय. कधीपासून?"

"झाले असतील," आबा म्हणाले, "पुष्कळ दिवस."

सासूबाई मोरीकडे गेल्या. साबण घेऊन हात धुतले. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मग हात पुसत त्या आल्या आणि थोरलीला म्हणाल्या, "त्यांचं ताट त्या टोकाला ठेव. उठून घेतील."

"आई, हात सुजलाय त्यांचा..."

"पाय आहेत ना."

थोरलीनं ताट ठेवलं. सगळे जेवले, म्हणजे ताटांकडे बघत बसले. आबा उठले नाहीत. ताट तसंच राहिलं, त्यावर माशी बसली. धाकटीला वाटलं होतं, बोलून टाकलं की सुटेल. सुटलं काहीच नाही. एक गाठ उकलली आणि घरभर दोरी पसरली. नवरा बाहेर जाताना एवढंच म्हणाला, "रविवारी पहिल्या गाडीनं जा. स्टँडवर मी सोडतो." त्यात राग किती आणि माया किती, तिला कळलं नाही.

रविवारी शहरात परीक्षा जिथं होती त्या शाळेच्या फाटकाशी सगळी विशीतली पोरं होती. पारदर्शक पाकिटं, नवे बूट, सोबत आईबाप. एका मुलीनं धाकटीला विचारलं, "कुणाला सोडायला आलात, काकू?"

"मलाच," धाकटी म्हणाली.

हजेरीच्या कागदावर सही करताना पर्यवेक्षक तिच्या नखांकडे बघत राहिला. तिनं बोटं मुठीत लपवली, मग पेन धरायला ती उघडावीच लागली. जीवशास्त्र सरसर गेलं. हाडं, स्नायू, नसा, सगळं जागच्या जागी होतं. भौतिकशास्त्राशी ती अडखळली. द्रवाच्या दाबाचं एक गणित तीन वेळा केलं, तीन उत्तरं आली. पाय बाकाखाली थडथड हलत होता. पुढच्या मुलानं वळून पाहिलं तेव्हा तिनं तो दुसऱ्या पायानं दाबून धरला. मध्येच तिला घर दिसायचं: खाट, टोकाला ठेवलेलं ताट. शेवटच्या पाच मिनिटांची घंटा झाली तेव्हा शेवटचं पान कोरं होतं. तिथं तिनं अंदाजानं गोल काळे केले आणि हे असं करताना आपल्याला कुणी बघत नाही ना म्हणून इकडंतिकडं पाहिलं, जसं काही ती चोरी होती.

परत आली तर संध्याकाळ व्हायची होती. थोरली शेताच्या तोंडाशीच भेटली, कधी एकदा सांगते असं झालेलं.

"अगं, तू नव्हतीस ना, काय झालं माहितीय! सकाळी आम्ही दोघंच काढतोय, आई घरात, कुणाशी बोलत नाहीत. बघते तर आबा. एकटे. बांधावरून चाललेत. तो पाय असा गरागरा फिरवत!" तिनं करून दाखवलं. "मी पळणार, तर भाऊजी म्हणाले, थांबा, जाऊ द्या. पलीकडच्या शेतात गेले गं. अख्खी टोळी कुदळी टेकून बघत उभी. मध्ये एकदा बसले खाली, ढेकळावर. कुणी उचलायला गेलं नाही, भीतीच वाटली असेल. परत उठले. मुकादमापुढं उभे राहिले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माणसं घेऊन ये. मी खुर्ची उलटी करून बसेन, बटाट्यांकडं पाठ. तुझ्या बायांनी बटाटे कापले तरी मला दिसणार नाहीत."

धाकटीला हसू आलं. "आणि मुकादम?"

"उद्या येतो म्हणाला. हसला नाही, बरं का. पाणी दिलं त्यांना."

टोळी आली. आबा खरोखरच पाठ करून बसले, रस्त्याकडे तोंड. शेवटच्या सऱ्या पावसात सापडल्याच, त्यातला पुष्कळ माल मऊ पडून गेला, वास येईतो उकिरड्यावर टाकावा लागला. बाकीचा वाचला. धाकटी रोज सकाळी आबांना अंगणात चालवायची, कमरेला धरायचा पट्टा बांधून, सगळ्यांदेखत. "टाच आधी," ती म्हणायची. "ठाऊक आहे," आबा म्हणायचे, आणि पंजाच आधी टेकवायचे. मुरलेली सवय होती. जरा सुटायची, पुन्हा धरायची. संडासाला ते आपले आपण जात होते.

सासूबाई मात्र त्यांच्याशी बोलत नव्हत्या. जेवायला वाढायच्या, औषधं काढून ठेवायच्या, कपडे वाळत घालायच्या, सगळं मुकाट्यानं. आबा कधी हवापाण्याचं बोलून बघत. सासूबाई थोरलीला उत्तर द्यायच्या.

निकाल लागला. धाकटीचं नाव निवड यादीत नव्हतं, प्रतीक्षा यादीत होतं, बरंच खाली. पुढचं कुणी सोडलं की मागचे वर सरकायचे. शेतात फोनवर नेट फक्त पाण्याच्या टाकीवर मिळायचं. धाकटी सकाळ-दुपार लोखंडी शिडी चढून जायची, वारा खात पडद्याकडे बघत राहायची, आणि खाली उतरताना तिच्या चेहऱ्यावरूनच कळायचं. यादी कधी सरकायची, कधी चार-चार दिवस ढिम्म. घरातल्या सगळ्यांना त्या यादीचा चाळा लागला. "हलली का?" थोरली गोठ्यातून ओरडायची. "हलली का?" नवरा मोटारसायकल लावता लावता विचारायचा. धाकटीला आता ना शेतात चैन पडे ना घरात. नव्या लागवडीचं बेणं कापताना तिनं दोनदा बोट कापून घेतलं. एकदा टाकीवरून उतरताना खाली आबा उभे होते, शिडीला धरून.

"हलली का?"

"नाही."

"ज्यांना जायचं नाही ते जागा अडवून कशाला बसतात म्हणतो मी!" आबा करवादले. एवढं बोलून ते पाय फिरवत घराकडे निघून गेले.

फोन आला तो असा भर दुपारी, ती बेण्याच्या पाट्या वाहत असताना, आणि आला तो नवऱ्याच्या नंबरावर. दूरच्या एका कॉलेजात एक जागा सुटली होती. उद्या संध्याकाळच्या आत येऊन घ्या, नाहीतर पुढच्याला जाईल. नवऱ्यानं फोन कानाला लावूनच तिला हात केला. धाकटीच्या डोक्यावरची पाटी थोरलीनं काढून घेतली. तिला स्वतःला ती उतरवायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून झाली. नवरा मोटारसायकल सुरू करून अंगणात उभा होता. थोरली रात्रीपासून चिडचिड करत होती, "आता तुझ्या वाटणीच्या गाई कुणी काढायच्या," म्हणत होती, आणि तेच म्हणत म्हणत बॅगेच्या बंदात तोंड खुपसून रडली. धाकटी खांद्याला बॅग अडकवून दाराशी आली.

उंबऱ्यावर आबा बसले होते. डावा पाय आडवा, पाठ चौकटीला. सकाळपासून तिथंच होते. त्यांना ओलांडून जाता येण्यासारखं नव्हतं, आणि "सरका" म्हणायला धाकटीची जीभ उचलत नव्हती. बाहेर इंजिन धडधडत होतं. आबा अंगणाकडे बघत होते.

"उठा," मागून आवाज आला. "तिची गाडी चुकेल."

सासूबाई होत्या. आबांनी मान वळवली. धाकटीकडे नाही, बायकोकडे. पहिल्यांदा त्यांना खरंच वाटेना.

"मला म्हणालीस?"

"मग उंबऱ्याला म्हणाले का? उठा."

आबांनी उजवा हात चौकटीला लावला. पाय जवळ ओढला, एकदा घसरला, पुन्हा ओढला. कंबर उचलली आणि पुन्हा खाली बसले. धाकटीचे दोन्ही हात पुढं झाले होते. तिनं ते मागं घेतले आणि बॅगेचा बंद घट्ट धरला. कुणी हललं नाही. नवऱ्यानं इंजिन बंद केलं. आबांनी श्वास घेतला, अंग पुढं झुकवलं, आणि चौकट धरून धरून, गुडघा थरथरत, उभे राहिले. मग एक पाऊल बाजूला झाले.

सासूबाई त्यांच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या, न धरता, पण पडले तर हात पोचेल एवढ्याच अंतरावर.

धाकटी त्या दोघांच्या मधून बाहेर पडली.